दाराशी असलेला जीव : श्वानपालन आणि श्रावकाची यतना

गेवराई तालुक्यातील उमापूर गावी आमचे दुकान पुढे आणि घर मागे आहे. शेजारी भुसार मालाचे गोदाम. अकरा वर्षांपूर्वी या गोदामाच्या राखणीसाठी आम्ही एक गावठी पिल्लू आणले. ते जेमतेम सव्वा महिन्याचे असेल. काळ्या पाठीवरून त्याचे नाव काळ्या पडले. दिवसा साखळीला आणि रात्री मोकळे, ही राखणीची रीत सर्वांच्या परिचयाची होती, तीच आम्ही अवलंबिली. अन्नपाण्याची कधी आबाळ केली नाही. त्यामुळे आपण एका मुक्या जीवाला आश्रय दिला, असे समाधानच मनात होते.

काळ्या सव्वा वर्षाचा झाला, आणि एके सकाळी पोती उतरविणाऱ्या हमालाच्या हाताला तो कडाडून चावला. जखम धुऊन त्या गृहस्थाला सरकारी दवाखान्यात नेले, लसीचे सर्व डोस पूर्ण केले, मजुरी बुडाली तीही भरून दिली. तो बरा झाला. पण त्या संध्याकाळी घरात एकच चर्चा होती : हा कुत्रा आता कोठे सोडून यायचा?

प्रतिक्रमणाची वेळ झाली होती. दादीजी आसनावर बसता बसता म्हणाल्या, “पहिल्या व्रताचे अतिचार रोज आठवतो ना आपण? त्यातला पहिला कोणता?”

मी म्हणालो, “बंध.”

“मग चावला तो, पण साखळी कोणी बांधली?” एवढेच बोलून त्यांनी मुहपत्ती हाती घेतली.

काळ्याला कोठेही सोडले नाही. साखळी मात्र सुटली. आज तो अकरा वर्षांचा वृद्ध आहे आणि दुकानाच्या पायरीपाशी सावलीत पडून असतो. त्याच्याबरोबर आम्ही जे शिकलो, ते आज अनेक घरांच्या उपयोगी पडेल असे वाटते, कारण आता आपल्या समाजातही मुलांच्या हट्टापायी किंवा बंगल्याच्या राखणीसाठी कुत्रा आणण्याचे प्रमाण वाढले आहे. कुत्रा आणणे सोपे आहे. त्याच्या बाल्यापासून मरणापर्यंत दहा ते चौदा वर्षे अहिंसाणुव्रत सांभाळणे, हे खरे काम आहे.

परंपरा काय सांगते?

जैन श्रावकाने कुत्रा पाळावा काय, हा प्रश्न आजचा नाही. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘असतीपोषण’ सांगितले आहे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ स्पष्ट करताना मांजर, कुत्रा, पोपट अशा प्राण्यांचे द्रव्यलाभासाठी केलेले पोषण त्यात गणले आहे. म्हणजे पिल्लांची पैदास करून विकण्याचा धंदा श्रावकाला शोभणारा नाही, हे उघड आहे. राखणीचा केवळ एक उपाय म्हणून कुत्रा आणणाऱ्यानेही येथे क्षणभर थांबून विचार करावा.

परंतु संकटातील जीवाला आश्रय देणे, ही याच परंपरेची दुसरी बाजू आहे. १८३२ साली मुंबईत सरकारी आदेशाने भटके कुत्रे मारले जाऊ लागले, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि जैन व हिंदू व्यापाऱ्यांनीही त्यांना साथ देऊन व्यवहार बंद ठेवले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि आपल्या समाजाचे मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. तिच्या स्थापनेमागे रस्त्यावरील कुत्र्यांचा जीव वाचविण्याची तळमळ होती. व्यापाऱ्याचे धन आणि करुणा एकत्र आली की काय घडते, याचे हे उदाहरण होय.

शास्त्रदृष्टीनेही कुत्रा तुच्छ नाही. तो संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच आहे. त्याला मन आहे. अशा तिर्यंचाला सम्यक्त्व आणि पाचव्या गुणस्थानापर्यंतची पात्रता आपल्या कर्मग्रंथांनी मान्य केली आहे. जीवंधरकुमाराने मार खाऊन मरणोन्मुख झालेल्या कुत्र्याला नमस्कार मंत्र ऐकविला आणि तो जीव यक्षगतीला गेला, ही कथा बहुतेकांनी बालपणी ऐकलेली असेल.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार असे आहेत : बंध म्हणजे जखडून ठेवणे, वध म्हणजे मारहाण, छेद म्हणजे अवयव कापणे, अतिभारारोपण म्हणजे शक्तीबाहेर भार लादणे, आणि अन्नपाननिरोध म्हणजे अन्नपाणी रोखणे. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे ११ वे कलम वाचले, तर हेच पाच दोष तेथे अपराध म्हणून आढळतात. आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे, मारणे, अतिश्रम देणे, अंगविच्छेद करणे, अन्न, पाणी व निवारा न देणे, हे सर्व त्यात आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरविण्यात हयगय करणे, हाही त्यात स्वतंत्र गुन्हा आहे. कुत्र्याच्या प्रत्येक वयात यांपैकी कोणता अतिचार घडण्याचा संभव अधिक असतो, ते आता पाहू.

पहिले चार महिने : आई, लस आणि ओळख

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळच असावे. २०१७ च्या श्वानपैदास व विक्री नियमांनीही आठ आठवड्यांखालील पिल्लाच्या विक्रीला मनाई केली आहे. भावंडांशी खेळताना किती जोराने चावले म्हणजे दुसऱ्याला दुखते, हे पिल्लू शिकते. काळ्याला आम्ही सव्वा महिन्याचा असताना आणले, म्हणजे त्याचा हा पहिला पाठच आम्ही हिरावून घेतला.

सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लसीकरण सुरू करून ते सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. पार्व्हो आणि डिस्टेंपर या प्राणघातक रोगांपासून त्यामुळे संरक्षण मिळते. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात देतात आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्या क्रमाने ती पुन्हा द्यावी लागते. जंतांचे औषधही याच वयात वारंवार लागते. या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. उधारीची तारीख आपण विसरत नाही, मग ही का विसरावी?

तिसऱ्या ते सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ कुत्र्याच्या स्वभावाचा पाया घालतो. या काळात जे दिसते, ऐकू येते, ते त्याला आयुष्यभर ओळखीचे वाटते. जे दिसत नाही, त्याची भीती बसते. या बाबतीत व्यापारी घर भाग्यवान आहे, कारण दुकान हीच पिल्लाची पाठशाळा होऊ शकते. लस पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर खाली सोडू नये. मांडीवर घेऊन गल्ल्यापाशी बसावे. पागोटे घातलेले शेतकरी, काठी टेकणारे आजोबा, पोती वाहणारे हमाल, टेम्पोचा भोंगा, वजनांचा खणखणाट, शाळकरी मुले, हे सारे त्याने शांतपणे पाहावे. आमच्या काळ्याने हे गोदामाच्या दाराशी साखळीच्या टोकावरून पाहिले. त्यामुळे पोते घेऊन येणारा माणूस त्याला शत्रू वाटला.

शी-शूची सवय लावताना संयम हवा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर पिल्लाला लगेच ठरावीक जागी न्यावे व काम झाले की कौतुक करावे. दोन महिन्यांचे पिल्लू दिवसा दोन तासांहून अधिक काळ लघवी रोखू शकत नाही, हे ध्यानात ठेवले तर निम्मा राग निवळतो. घाण झाल्यानंतर तासाभराने त्याचे नाक तीत घासणे निरर्थक आहे. कशाबद्दल शिक्षा झाली हे त्याला कळत नाही. फक्त आपल्या हाताची भीती बसते.

चार महिने ते दीड वर्ष : शिकवण, दंड नव्हे

चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून नवे येतात. हिरड्या शिवशिवतात आणि चपला, पोत्यांच्या कडा, वहीची पाने काहीही सुरक्षित राहत नाही. येथे ‘वध’ या अतिचाराचा प्रसंग येतो, कारण घरातील कोणीतरी काठी उचलतो. त्याऐवजी जाड सुती फडक्याला गाठ मारून, भिजवून, थंड करून चावायला द्यावे. चपला कपाटात ठेवाव्यात. चूक होण्याची संधीच कमी करणे, यालाच आपण यतना म्हणतो.

शिकवण्याचे तंत्र सोपे आहे. पाच मिनिटांचा पाठ दिवसातून तीन-चार वेळा पुरे. ‘ये’, ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ हे चार शब्द आधी शिकवावेत. हाती पनीरचा लहानसा तुकडा घेऊन तो पिल्लाच्या नाकावरून मागे न्यावा. मान वर करताना ते आपोआप बसते. त्याच क्षणी ‘बस’ म्हणून तुकडा द्यावा. बक्षीस एक-दोन सेकंदांत मिळाले पाहिजे, उशिरा दिले तर संबंध कळत नाही. आमच्याकडे दादीजी मारवाडीतून, मुले इंग्रजीतून आणि दुकानातील माणसे मराठीतून हुकूम देत. काळ्या गोंधळत असे, आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो. शेवटी घरभर एकच शब्द ठरविला आणि हट्टीपणा पंधरा दिवसांत ओसरला.

सहाव्या महिन्यानंतर कुत्रा तारुण्यात येतो. शिकलेले विसरल्यासारखे करतो, बाहेर पळतो, भुंकतो. याच वयात बहुतेक कुत्रे बांधले जातात किंवा घरातून काढले जातात. खरे तर याच वयात त्याला अधिक फिरविण्याची आणि पाठ पुन्हा पहिल्यापासून गिरविण्याची गरज असते.

नसबंदीचा प्रश्नही आता उभा राहतो. शेपूट आखूड करणे किंवा कान टोकदार कापणे हा केवळ शोभेसाठी केलेला छेद आहे आणि तो सर्वथा वर्ज्य मानावा. नसबंदीबद्दल मात्र समाजात प्रामाणिक मतभेद आहेत. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, सुमारे ६३ दिवसांत विते, आणि घर न मिळालेली पिल्ले शेवटी बसस्थानकाच्या आवारात टाकली जातात. त्या पिल्लांच्या यातनांचा भार कोणावर? २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याचे लसीकरण, जंतनिर्मूलन आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी ठरविली आहे. ज्यांचे मन शस्त्रक्रियेस राजी होत नाही, त्यांनी गुरुभगवंतांशी आणि पशुवैद्यांशी बोलावे. पण पिल्ले होऊ द्यायची आणि मग रस्त्यावर सोडायची, हा मार्ग दोन्हीकडून निषिद्ध आहे.

प्रौढ वय : साखळी, उन्हाळा आणि ताट

दीड-दोन वर्षांपासून सात-आठ वर्षांपर्यंतचा काळ म्हणजे कुत्र्याचे प्रौढ वय. येथे बंध आणि अतिभार हे दोन अतिचार प्रबळ असतात. दिवसभर साखळीला असलेला कुत्रा अधिक चांगली राखण करत नाही, तो केवळ अधिक भितो आणि अधिक चावतो. कुंपणाच्या आत मोकळा असलेला, घरच्या माणसांत वाढलेला कुत्रा अनोळखी चाहूल लागताच भुंकतो. राखणीला तेवढे पुरेसे असते. सकाळ-संध्याकाळ छातीपट्टा लावून अर्धा-पाऊण तास फिरविल्यास त्याचा निम्मा चिडकेपणा जातो.

अतिभार म्हणजे केवळ ओझे नव्हे. मराठवाड्याचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो. अशा प्रदेशात हिमप्रदेशातील दाट केसांचा हस्की किंवा सेंट बर्नार्ड आणणे, हेही त्याच्या शक्तीबाहेरचे ओझे आहे. चपट्या नाकाच्या पगला तर धाप टाकून अंग थंड ठेवणेही कठीण जाते, आणि कुत्र्याला अंग थंड करण्याचा मुख्य उपाय तोच असतो. आपल्या गल्लीतील गावठी कुत्रा याच हवेत घडलेला आहे. एखाद्या निराधार पिल्लाला घर देणे हे विकत घेण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. वैशाखात सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतरच फिरवावे. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याच्या पंजांनाही तो रस्ता सोसवणार नाही.

आता ताटाविषयी. कुत्रा शाकाहारावर जगू शकतो काय? मांजर जगू शकत नाही. कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहिल्याने लांडग्यापेक्षा त्याची पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ती कितीतरी वाढली आहे, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखविले. परंतु शाकाहार म्हणजे नुसती दूधभाकरी नव्हे. केवळ त्यावर वाढलेल्या कुत्र्याला प्रथिने, बी-१२ जीवनसत्त्व आणि योग्य प्रमाणात चुना व फॉस्फरस मिळत नाही. हाडे वाकतात, केस गळतात. नीट शिजविलेली मुगाची डाळ, सोयाबीन, पनीर, दही यांची जोड हवी आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने जीवनसत्त्वांचे व खनिजांचे मिश्रणही हवे. वाढत्या पिल्लासाठी तर घरगुती अंदाजावर न राहता तयार मिळणारे संतुलित शाकाहारी खाद्य अधिक सुरक्षित. वर्षातून एकदा रक्ततपासणी करावी. काही उणीव दिसली, तर ती मान्य करून उपाय करावा. आपल्या नियमासाठी त्याने कुपोषित राहणे, हाही एक प्रकारचा अन्नपाननिरोधच होय.

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना अपायकारक आहेत. आपल्या अनेक घरांत ते वर्ज्यच असल्याने हा धोका सहज टळतो. पण आपल्याच घरांत दुसरा धोका असतो : बेदाणे, मनुका आणि द्राक्षे. यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दिवाळीत सुक्यामेव्याचे डबे उघडे राहतात, मुले प्रेमाने मूठभर देतात, आणि अनर्थ ओढवतो. चॉकलेट आणि साखरविरहित च्युइंगममधील झायलिटॉलही विषासमान आहेत. फरसाण, पापड व मिठाईही टाळावी.

रोजचे शेवटचे जेवण सूर्यास्तापूर्वी देता येते आणि ते त्याला मानवतेही. पाणी मात्र अहोरात्र समोर हवे. पर्युषणात आपला उपवास असतो, त्याचा नसतो, हे मुलांनाही सांगून ठेवावे. त्याने एखादा उंदीर मारला, तर त्याला दंड करू नये. तो त्याचा तिर्यंच स्वभाव आहे. आपल्या हातून काय दिले जाते, एवढ्याचेच उत्तरदायित्व आपले आहे.

गोचिडांचा प्रश्न श्रावकाला सर्वांत अवघड वाटतो. गोचीड हा त्रस जीव, आणि त्याच्यामुळे होणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेततो. म्हणून जीवोत्पत्तीच होऊ नये, याची आधीपासून काळजी घ्यावी : बसण्याची जागा रोज झाडून कोरडी ठेवावी, अंथरूण उन्हात टाकावे, भिंतींच्या भेगा बुजवाव्यात, रोज अंगावरून फणी फिरवावी, आणि गोचीड होऊ नयेत यासाठीचे औषध पशुवैद्यांना वेळेआधी विचारावे. हयगय करून शंभर झाल्यावर औषध फवारण्यापेक्षा ही यतना कमी हिंसेची आहे.

आणि चावा झालाच तर? जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करावी आणि सर्व डोस पूर्ण करावेत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. कुत्र्याला लस दिलेली असली, तरी यात चालढकल नको.

वार्धक्य : जेव्हा तो राखण करू शकत नाही

मोठ्या जातीचा कुत्रा सहा-सातव्या वर्षी, इतर आठव्या-नवव्या वर्षी वार्धक्यात प्रवेश करतो. डोळ्यांत मोतीबिंदू, सांध्यांत ताठरपणा, ऐकू कमी येणे, रात्री उगाच फिरणे किंवा भुंकणे, घरात लघवी होणे, ही लक्षणे हळूहळू दिसतात. हा खोडसाळपणा नव्हे. अन्न मऊ आणि थोडे थोडे द्यावे, वजन वाढू देऊ नये, गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरावा, सहा महिन्यांनी तपासणी करावी. ऐकू येत नसेल, तर हाताच्या खुणांनी बोलावे. म्हणूनच लहानपणी शब्दाबरोबर खूणही शिकवावी.

याच वयात अनेक घरे कुत्र्याला दूर नेऊन सोडतात, किंवा पांजरापोळीला पावती फाडून मोकळी होतात. पांजरापोळ निराधारांसाठी आहे. ज्याचे घर आहे, त्याला निराधार करून तेथे ठेवणे हे दान नव्हे. जन्मभर ज्या आवाजांत आणि वासांत तो राहिला, त्यांपासून तोडलेला वृद्ध कुत्रा बहुधा अन्नच सोडतो. पाळीव प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हा कायद्यानेही गुन्हा आहे.

अंतकाळी वेदनाशामक औषधे आहेत, सेवा आहे, जवळ बसणे आहे. ते सर्व शेवटपर्यंत करावे, आणि कानाशी नवकार म्हणावा. जीवंधरकुमाराने रस्त्यावरच्या परक्या कुत्र्यासाठी जे केले, ते आपण घरच्यासाठी करू शकतोच.

काळ्याला आता डाव्या डोळ्याने दिसत नाही. पोती उतरविणारे हमाल त्याला वळसा घालून जातात, आणि ज्याच्या हाताला तो चावला होता, तो गृहस्थ दुपारच्या भाकरीचा चतकोर आजही त्याच्यापुढे ठेवतो. दादीजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. गोदामाच्या दाराशी ती साखळी अजून खिळ्याला टांगलेली आहे. मध्यंतरी मुलाने ती भंगारात घालू का, असे विचारले. मी नको म्हणालो. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसताना ती समोर दिसते, आणि पहिल्या व्रताचा पहिला अतिचार कोणता, हे कोणाला विचारावे लागत नाही.